मोकळी तार

ताइस्तोचा उजवा हात गेल्या हिवाळ्यात गेला.
म्हणजे आहे, खांद्याला आहे,
मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी राहतो.
डावा मात्र अजून
झाडूच्या दांड्यावर, खुर्चीच्या पाठीवर
बेस गिटारच्या जागा चाचपत फिरतो.

मी लिफ्ट दुरुस्त करते.
राउमा आणि आसपासच्या एकशे चाळीस इमारती माझ्याकडे.
दार लागलं का, मजला आला का,
दिवसभर वायरींना एवढंच विचारते.
म्हटलं, भावाच्या बेसलाही एवढंच विचारू:
कुठली तार, कुठला पडदा,
टेकलं का, सुटलं का.
छेडायला दुसरा हात लागतोच कशाला?

सॉनाबाहेरच्या खोलीत, टॉवेल वाळतात तिथे,
बेस उताणा घातला टेबलावर.
वीस पडदे. प्रत्येकाच्या कडेला सुईएवढं भोक,
प्रत्येकाला एक वायर,
डाखाचा थेंब, चिमूटभर धूर,
मग पुढचा.
घोडी अखंड पितळेची, चारही तारा तिच्यात एकमेकींना मिळालेल्या.
करवतीने चार तुकडे केले,
मध्ये लोण्याच्या डब्याचं झाकण कापून बसवलं.
ताइस्तो दारात उभा होता.
करवतीच्या आवाजाला त्याने एकदाच डोळे मिटले.

पिकअप उचकटला, त्याखाली पाइनची सुकी सुई निघाली.
तळ्याकाठचा नाचमंडप, उघड्या भिंती,
तीस उन्हाळे टँगो.
ती मी फेकली नाही. परत ठेवली,
वर मायक्रोकंट्रोलर बसवला.

पहिला सूर पियानोचा निघाला.
स्वच्छ, गोड, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा.
ताइस्तो म्हणाला, “या वयात?”
झटक्यानंतर त्याची वाक्यं अशीच, दोन शब्दांची.
आवाज बदलला. मग एक सूर अडकला.
टेकल्याची खबर यंत्राला पोचली, सुटल्याची नाही,
आणि तो वाजतच राहिला,
आम्ही वेलदोड्याचा पाव खाल्ला तरी, कॉफी निवली तरी.
शेवटी प्लग ओढला.
त्यानंतरची शांतता
आम्हा दोघांनाही जरा ओळखीची वाटली.

दोन ठिकाणी बोट घासलं की भलतंच काही बोलायचं.
यंत्राला सांगितलं:
बेस एका वेळी एकच गोष्ट बोलतो.
तेवढंच ऐक.

गुरुवारी ऑस्मो अकॉर्डियन घेऊन आला.
आवाज केसभर उशिरा येतो, मी आधीच सांगून टाकलं.
“तसा हा नेहमीच यायचा,” ऑस्मो म्हणाला,
आणि भाता उघडला.

एक गोष्ट मात्र मला आधी सुचायला हवी होती.
मोकळी तार कुठल्याच पडद्याला टेकत नाही.
जिला कुणी दाबत नाही तिची खबरच येत नाही.
आणि ताइस्तोचा प्रत्येक टँगो
मोकळ्या ‘ए’ तारेवरून सुरू व्हायचा, जन्मभर.
मी म्हटलं, पायाशी एक बटण बसवू.
त्याने मान हलवली, नको.
तोच सूर त्याने जाड तारेच्या पाचव्या पडद्यावर शोधला.
पडद्यावर आकडा उमटला, तेहतीस.
म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर. आमच्या घरात आता
पडदे फार झालेत.

काल रात्री पाणी प्यायला उठले.
बाहेर उणे एकोणीस, बंदरावर बर्फ कडकडत होता.
तो स्पीकर बंद करून वाजवत बसला होता,
आणि त्याच्या तोंडावर आकड्यांचा उजेड.
चाळीस. मग काही नाही. चाळीस. मग काही नाही.
मला वाटलं वायर सुटली.
मल्टीमीटर घ्यायला वळणार,
तेवढ्यात दिसलं,
आवाज नसला की तो जुन्याच बोटांनी वाजवतो.
मोकळी तार आली की
स्क्रीनवर काही येत नाही.
तिथे तो टाचेने जमिनीवर हलकेच टेकवतो,
आणि पुढे जातो.